ताप उतरला, भूक परतली नाही

1873 साली लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी एकमेकांच्या नकळत एकाच आजाराचं वर्णन केलं. खात्यापित्या घरातल्या मुली जेवण सोडतात आणि हाडांचा सापळा होईपर्यंत खंगतात. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचं. अशा मुलींच्या शुश्रूषेला नातेवाईक सर्वांत वाईट, असंही त्यांचं मत होतं. 1914नंतर काही वर्षं संशय पियुषिका ग्रंथीवर गेला. तो फिटल्यावर पुन्हा घरच्यांची, विशेषतः आईची, उलटतपासणी सुरू झाली. लेक डोळ्यांदेखत झिजतेय आणि वर आपलंच चुकलं, हे किती आयांनी निमूट ऐकून घेतलं असेल!

जंतुसंसर्गाचा धागा हाती लागला तो अलीकडे. 1998 साली अमेरिकेत सुसान स्वेडो यांनी घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर काही मुलांमध्ये मंत्रचळ आणि अंगाचे झटके अचानक सुरू होतात, असं मांडलं. पाठोपाठ 2000 मध्ये सोकोल या डॉक्टरांनी अशाच संसर्गानंतर खाणं सोडलेल्या चार मुलांची नोंद केली. नेहमीच्या उपचारांबरोबर प्रतिजैविकं दिल्यावर चौघांचंही वजन वाढलं. पण गुण कशाचा, हे त्यातून ठरत नाही.

वजनदार पुरावा 2019 मध्ये डेन्मार्कमधून आला. 1989 ते 2006 दरम्यान जन्मलेल्या 5,25,643 मुलींच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या. संसर्गामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या मुलींमध्ये पुढे ॲनोरेक्सियाचं प्रमाण 22 टक्क्यांनी, तर बुलिमियाचं, म्हणजे अधाशीपणे खाऊन ते ओकून काढण्याच्या आजाराचं, 35 टक्क्यांनी जास्त होतं. धोका सर्वाधिक होता तो संसर्गानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत. संसर्ग झालेल्या बहुतेक मुलींना अर्थातच काही होत नाही, पण हा काळाचा मेळ मला दुर्लक्षून चालेल असा वाटत नाही.

हे घडत कसं असेल? याचा एक सुगावा आतड्यात आहे. 2014 मध्ये फ्रान्समधल्या रुआँच्या संशोधकांनी दाखवलं की, ई. कोलाय जीवाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूला ‘पोट भरलं’ असं सांगणाऱ्या आपल्याच संप्रेरकासारखा असतो. त्या प्रथिनाविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं मग या संप्रेरकालाही चिकटतात. चोराशी चेहरा जुळला म्हणून घरच्याच माणसाला पकडावं, तसं. भुकेचा हिशेब इथे बिघडू शकतो.

तरी एक अडचण उरतेच. उपासमारीनं आतड्यातले जीवाणू बदलतात, तसं मनही. 1944-45 मध्ये मिनेसोटात 36 धडधाकट पुरुषांना प्रयोगासाठी अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज काही उरलं नाही. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली. मग जीवाणूंतला बदल हे आजाराचं कारण की उपासाचा परिणाम?

2023 मधला डेन्मार्कच्या एका गटाचा प्रयोग म्हणूनच मला मोलाचा वाटतो. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांचे आणि निरोगी स्त्रियांचे जीवाणू जंतुमुक्त उंदरांमध्ये सोडले आणि सर्व उंदरांना कमी खाणं दिलं. रुग्णांचे जीवाणू मिळालेल्या उंदरांचं वजन सुरुवातीला जास्त घटलं आणि नंतर सावकाश भरलं. म्हणजे हे जीवाणू उपासाच्या वाटेवरचे नुसते प्रवासी नसावेत. अर्थात, उंदराला आरशात स्वतःचं शरीर जाड दिसत नाही. माणसाच्या आजाराचा तो भाग या प्रयोगात येतच नाही.

जीवाणूंवर संशय असला तरी चांगल्या जीवाणूंची, म्हणजे प्रोबायोटिकची, पुडी हा या आजारावरचा इलाज अजून ठरलेला नाही. वजन पुन्हा भरून आणणं आणि मानसोपचार हाच उपचाराचा कणा आहे, आणि किशोरवयीन मुलींच्या बाबतीत त्यात आईवडिलांना आता सोबतीला घेतात.