पेटीच्या आधी पोहोचावी बागेची वार्ता

हापूस आंब्याची पेटी कोकणातून वाशीच्या बाजारात गेली, की तिचा भाव बागायतदाराच्या हाती राहत नाही. आडत, हमाली व वाहतूक वजा होऊन पट्टी हाती येते, तेव्हाच वर्षभराच्या श्रमांचे मोल त्यास कळते. आपला आंबा कोणाच्या घरी गेला व तो कसा निघाला, हे मात्र कळतच नाही. मोबाइल व समाजमाध्यमे यांमुळे हा दुरावा कमी होत असून रत्नागिरी, सिंधुदुर्ग भागांतील अनेक बागायतदार शहरी ग्राहकांना थेट पेट्या पाठवू लागले आहेत.

मध्यस्थ दूर झाला, की त्याच्याकडील जोखीमही बागायतदाराकडे येते. हापूसच्या बाबतीत या जोखमीचे ठळक उदाहरण म्हणजे साका. साका झालेले फळ बाहेरून निर्दोष दिसते. दोष कळतो तो कापल्यावरच. बाजारात अशा फळाची तक्रार बागेपर्यंत क्वचितच पोहोचते. थेट विक्रीत ती त्याच दिवशी छायाचित्रासह येते. त्या वेळी ग्राहक टिकतो की तुटतो, हे बागायतदाराने त्यास आधी काय सांगितले होते, यावर बरेचसे अवलंबून असते.

काय लिहावे?

ब्लॉग म्हणजे बागेची सर्वांसाठी खुली ठेवलेली रोजनिशी होय. मोहोर ते काढणी या सुमारे चार महिन्यांत लिहिण्याजोगे पुष्कळ असते. मोहोर कधी आला, अवकाळी पावसाने किती गळला, तुडतुड्यांचा बंदोबस्त कसा केला, पहिली तोडणी केव्हा अपेक्षित आहे, हे आठवड्यातून एकदा दहा ओळींत व एका छायाचित्रासह लिहिले तरी पुरेसे आहे. पीक कमी असल्यास तेही लिहावे. मोहोर गळाल्याची वार्ता ज्यास जानेवारीत मिळाली, त्यास एप्रिलमधील वाढीव दराचे कारण निराळे समजवावे लागत नाही.

साक्याविषयीही आधीच लिहावे. फळ झाडावर अधिक पक्व होऊ दिल्यास व काढलेले फळ उन्हात, तापलेल्या जमिनीवर राहिल्यास साक्याचे प्रमाण वाढते. म्हणून सुमारे 85 टक्के पक्वतेची फळे थंड वेळी, देठासह काढून त्वरित सावलीत नेली जातात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला याच कामी येतो. ही काळजी घेऊनही एखादे फळ खराब निघू शकते, हे मान्य करून भरपाईचा नियम दराच्या शेजारीच छापावा. आंबा आढीत पिकविला की मर्यादित प्रमाणात परवानगी असलेल्या इथिलिन वायूने, तेही सांगावे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे.

साधने व दक्षता

व्हॉट्सॲपच्या गटात एका ग्राहकाचा क्रमांक इतरांना दिसतो. प्रसारण यादीत दिसत नाही. म्हणून व्यवसायासाठी यादी सोयीची. मात्र ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे, त्यांनाच तिच्यातून संदेश मिळतो. त्यामुळे पहिल्याच पेटीत क्रमांक जतन करण्याची विनंती करणारी चिठ्ठी ठेवावी. दर सांगताना पेटी व वाहतूक यांचा खर्च धरला आहे की नाही, हे स्पष्ट करावे. बागेत जेवढी फळे आहेत, तेवढीच मागणी नोंदवावी. तूट भरून काढण्यासाठी बाहेरचा आंबा आपल्या नावाने पाठविल्यास अनेक वर्षांत जोडलेला विश्वास एका हंगामात जातो. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही, हे घरातील प्रत्येकास माहीत असावे.

कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते समूहाचे असते. आपल्या मालावर ते चिन्ह वापरण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. गीरचा केसर व मलिहाबादचा दशहरी या मानांकित आंब्यांच्या उत्पादकांनाही हाच नियम लागू आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कृषी विज्ञान केंद्रांनी केवळ जाहिरातीचे प्रशिक्षण न देता नोंदी ठेवण्याची सवय लावणे हितावह ठरेल. फवारणी, तोडणी व रवानगी यांची वही ज्याच्याकडे आहे, त्यास लिहिण्यास विषय शोधावा लागत नाही व तक्रारीस उत्तर देणेही सोपे जाते. प्रारंभी सगळा माल थेट विकण्याचे धाडस न करता थोड्या पेट्या परिचितांना पाठवाव्यात, उरलेला माल नेहमीच्या बाजारात द्यावा. पुढील हंगामात त्यांपैकी किती ग्राहकांनी पुन्हा मागणी केली, ते मोजावे. या उद्योगाचे यश पसंतीच्या खुणांपेक्षा परतून आलेल्या ग्राहकांत दिसते.