वर्गात न बसता क्रेडिट!

क्रेडिट हा शब्द आपल्या हॉस्टेलमध्ये दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतो. चार क्रेडिटचा विषय गेला, एका क्रेडिटच्या लॅबसाठी सरांनी किती पळवलं, वगैरे वगैरे. पण मित्रमैत्रिणींनो, हे क्रेडिट मिळतं नक्की कशाचं? विषय आल्याचं, की वर्गात बसल्याचं?

मला हा प्रश्न पडला तो माझ्या मामेबहिणीमुळे. ती टेक्सासला असते आणि आयुष्यात एकदाही शाळेत गेलेली नाही. मामा-मामींनी तिला घरीच शिकवलं. याला तिकडे होमस्कूलिंग म्हणतात आणि १९९३ पासून ते अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे. तर ही बाई कॉलेजात पहिल्या दिवशी गेली तेव्हा तिच्या नावावर आधीच १८ क्रेडिट जमा! सहा विषय, एकही लेक्चर न ऐकता सुटले. मी कॉन्व्हेंटमध्ये रोज रांगेत उभं राहून प्रेयर म्हणत शाळा काढली, त्यामुळे ऐकून आधी जळलेच. मग म्हटलं, हा प्रकार नीट समजून घ्यावा.

अमेरिकेत चार वर्षांच्या डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात. एक नेहमीचा विषय तीन क्रेडिटचा, म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग, असे सुमारे १५ आठवडे. या तास मोजण्याच्या पद्धतीचं मूळ मोठं गमतीदार आहे. १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशन प्राध्यापकांना पेन्शन देणार होतं. मग खरं कॉलेज कशाला म्हणायचं हे ठरवणं आलं. त्यासाठी, विद्यार्थ्याने आधी शाळेत प्रत्येक विषय किती तास शिकलेला हवा, याचं एक माप ठरवलं गेलं. तीच तास मोजायची सवय पुढे कॉलेजांनाही लागली. थोडक्यात, माप जन्मलं ते तासांचं. डोक्यात काय शिरलं त्याचं नाही!

या मापाला वळसा घालणाऱ्या परीक्षा तिथे आहेत. त्यातली होमस्कूलवाल्यांची लाडकी म्हणजे सीएलईपी, बोलताना नुसतं 'क्लेप'. एसएटी घेणारं कॉलेज बोर्डच ही परीक्षा १९६७ पासून घेतं. एकूण ३४ विषय आहेत: अल्जिब्रा, कॅल्क्युलस, अर्थशास्त्र, अमेरिकेचा इतिहास, मानसशास्त्र असे. बहुतेक पेपर दीड तासाचे, कॉम्प्युटरवर, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. मार्क २० ते ८० मध्ये मिळतात आणि ५० ला सहसा क्रेडिट. नापास झालात तर तोच पेपर तीन महिन्यांनी पुन्हा द्यायचा. भाषेच्या पेपरला तर चैनच आहे: स्पॅनिश चांगलं येत असेल तर एका पेपरात सहा, आणि ६३ च्या वर गेलात तर नऊ क्रेडिटची शिफारस. (फ्रेंच आणि जर्मनही आहे. मराठी नाही, आशा सोडा.)

पैशांचा हिशोब तर विचारूच नका. २०२४ साली एका पेपरची फी ९५ डॉलर होती. तोच विषय कॉलेजात घेतला तर शेकड्यांनी, आणि खासगी कॉलेजात हजारांनी डॉलर जातात.

दुसरी परीक्षा म्हणजे एपी. ही मे महिन्यात होते, मार्क १ ते ५, आणि बहुतेक ठिकाणी ३ किंवा ४ पासून पुढे क्रेडिट. ती शाळेतल्या कोर्सला जोडलेली आहे, पण कोर्स न करताही देता येते. फक्त होमस्कूलवाल्या मुलांना जवळची एखादी शाळा गाठून 'तुमच्याकडे बसू द्याल का?' असं विचारावं लागतं, तेही आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून.

आता खरा मुद्दा. घरी शिकलेल्या मुलाची मार्कशीट कोण बनवतं? आई! आईने दिलेल्या 'ए' ग्रेडवर कुठलं कॉलेज डोळे मिटून विश्वास ठेवेल? म्हणून या परीक्षा त्यांच्यासाठी नुसत्या पैसे वाचवायच्या युक्त्या नाहीत. बाहेरच्या कोणीतरी तपासलेला तो पुरावा असतो. आपल्याकडे एक्सटर्नल येतो ना, तसंच.

पण हुरळून जाऊ नका. परीक्षा घेणारा क्रेडिट देत नाही, कॉलेज देतं, आणि प्रत्येक कॉलेजचा कायदा वेगळा. न्यू जर्सीचं थॉमस एडिसन स्टेट विद्यापीठ अशी क्रेडिट भरभरून घेतं. एमआयटी क्लेपला विचारत नाही, मात्र एपी कॅल्क्युलस बीसीला ५ असतील तर पहिला कॅल्क्युलस माफ करते. कॅलटेक एपीलाही क्रेडिट देत नाही. म्हणून आधी कॉलेजची यादी बघायची, मग फी भरायची. दुसरं, आपल्या कामाचं: क्लेपमध्ये प्रॅक्टिकल नाही. केमिस्ट्रीचा पेपर सुटेल, पण ब्युरेट हातात धरलेला नसेल. आणि फ्लुइड मेकॅनिक्स, थर्मोचे पेपर तर नाहीतच. इंजिनियरिंगवाल्याची फार तर फर्स्ट इयरची भरती कमी होते, पुढे वर्कशॉप चुकत नाही.

आपल्याकडे काय? दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो रस्ता बोर्डापर्यंतच जातो. मुंबईची एक मुलगी सातवीनंतर घरीच शिकली, इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडला तीन पदकं आणली आणि २०१६ मध्ये एमआयटीत गेली. आयआयटीचं दार बंद होतं, कारण बारावीची मार्कशीट नव्हती! पुरावा होता, पण तो लावायला रकाना नव्हता.

अर्थात थोडी खिडकी उघडली आहे. २०२१ पासून यूजीसी ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमच्या कोर्समधून घेऊ देते. एनपीटीईएलमध्येही ७५ टक्के वजन परीक्षेला आहे, तीही सेंटरवर जाऊन द्यायची. पण तिथेही आधी आठवडेच्या आठवडे कोर्स करावा लागतो. 'मला येतं, आत्ता तपासा' असं म्हणायची सोय नाही.

डिप्लोमाची मुलं थेट सेकंड इयरला येतात, म्हणजे आधी शिकलेलं मोजायचं तत्त्व आपल्याला मान्य आहेच. मग ज्याला अकरावीपासून सी प्रोग्रॅमिंग येतं त्याने 'हॅलो वर्ल्ड'साठी ७५ टक्के अटेंडन्स का भरावी? पहिल्या आठवड्यात एक कडक पेपर आणि एक ओरल घ्या. पास झाला तर क्रेडिट द्या, नाही तर बसवा वर्गात. लॅबला मात्र सूट नको, ते हातानेच शिकायचं असतं.

स्टाफरूममध्ये हे कोणी वाचत असेल तर एवढी विनंती ॲकॅडमिक कौन्सिलपर्यंत पोचवा. पेपर कितीही कडक काढा, आमची तयारी आहे.