शनिवार-रविवारची शाळा

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात हिंजवडी हे गाव आहे. पूर्वी इथे शेती होती. आता तिथे संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. गाव बदलले, तशी मुलांची शाळाही बदलली. नुसते पाढे पाठ करून आता भागत नाही. शाळा मुलांना प्रकल्प देते. प्रकल्प म्हणजे काय? एखादी गोष्ट मुलाने स्वतः पाहायची, विचारायची, करायची आणि वहीत लिहायची.

मग शनिवार-रविवारी घरात धांदल उडते. थोरल्याला प्रकल्प करायचा असतो. मुलीला खो-खोला जायचे असते. धाकट्याला कागदाची वस्तू करायची असते. पुष्कळ आईबाप म्हणतात, "आम्ही कुठं शिकलोय? दुकानातनं तयार तक्ता आणू, म्हणजे झालं!" तक्ता येतो. पण त्यात मूल काय शिकते? काहीच नाही.

हाताने काम करत शिकावे, हा विचार जुनाच आहे. 1937 साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. मुलांचे शिक्षण हातच्या उद्योगातून व्हावे, असे गांधीजींनी तिथे मांडले. त्या शिक्षणाला 'नई तालीम' म्हणतात.

समजा, प्रकल्प 'आपले गाव' हा आहे. मुलाला आजीजवळ बसवा. "आजी, इथं आधी काय पिकायचं? पाणी कुठनं आणायचा?" असे त्याला विचारू द्या. आजी सांगेल, मूल लिहील. मग ते तुम्ही वाचा. अडलात तर मूल मदत करील. त्यात लाज कसली? दोघांचाही अभ्यास होतो.

समजा, प्रकल्प 'बी कसे रुजते' हा आहे. मटकीचे 10 दाणे ओल्या फडक्यात ठेवा आणि 10 कोरड्या फडक्यात. ओले फडके वाळू देऊ नका. दोन दिवसांनी मुलाला मोजू द्या. मोड कुठे आले? ओल्यात. रुजायला पाणी लागते, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले. ते तो विसरणार नाही.

धाकट्यासाठी रद्दी पुरते. कागदाचे तुकडे रात्रभर भिजवा. सकाळी कुटून लगदा करा. त्यात भिजवून वाटलेली मेथी घाला. पालथ्या पाटीवर लगदा थापा आणि उन्हात वाळवा. छान टोपली होते. छापील कागदाला शाई असते, म्हणून तिच्यात खाण्याचा जिन्नस मात्र ठेवू नये.

आता खेळ. "पोरीनं खेळून काय करायचंय?" असे कोणी म्हणते. त्यांना सांगा, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. भारताच्या मुलींनी ती जिंकली. त्यांची कप्तान होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ती लहानपणी भांड्यांपाशीच अडकली असती, तर?

म्हणून आम्ही एवढेच सांगतो. रविवारी घरकाम वाटून घ्या. पाणी भावानेही भरावे, केर त्यानेही काढावा. मग बहिणीला मैदानावर जाता येईल. आणि मुलांचे काम मुलांनाच करू द्या. वाकडे झाले तरी चालेल. तुम्ही फक्त शेजारी बसा.