सल्लागार, वसुली एजंट आणि मधला ग्राहक

'धरणे' हा शब्द आज आपण आंदोलनाच्या संदर्भात वापरतो. मूळ अर्थाने तो कर्जवसुलीचा शब्द आहे. पैसे थकले की धनको ऋणकोच्या दारात अन्नपाणी सोडून ठाण मांडीत असे, आणि त्याला काही झाल्यास त्याचे पाप ऋणकोच्या माथी बसते अशी समजूत होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेला या प्रथेची दखल घ्यावी लागली. दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करावयास भाग पाडणे हा कलम ५०८ नुसार गुन्हा ठरविण्यात आला आणि त्याचे उदाहरण म्हणून दारात धरणे धरून बसलेल्या माणसाचाच दाखला देण्यात आला. तगाद्याची साधने तेव्हापासून बदलली आहेत. पण ऋणकोला चारचौघांत लाज वाटावी, हे त्यामागील तत्त्व फारसे बदललेले नाही.

बेंगळुरू हे शहर या विषयाच्या अभ्यासासाठी सोयीचे आहे. माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे येथे तरुण वयात बरा पगार हाती येतो. त्यामुळे गुंतवणुकीचा सल्ला देणारे आणि कर्ज देऊ करणारे असे दोन्ही वर्ग येथे मोठ्या संख्येने आढळतात. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले, की त्याच कुटुंबाकडे तिसरा माणूस येतो, तो वसुली एजंट. वरवर पाहता सल्लागार आणि वसुली एजंट ही दोन टोके वाटतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांची रचना एकच आहे. दोघांचाही व्यवहार ग्राहकाशी होतो, परंतु दोघांचाही मोबदला बहुधा दुसराच कोणी देतो. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला कमिशन देते ते फंड घराणे. वसुली एजंटाला वसूल रकमेच्या प्रमाणात मेहनताना देते ती बँक किंवा वित्तसंस्था. ज्याच्या हिताचा प्रश्न आहे, तो या करारात पक्षकारच नसतो. अर्थशास्त्रात यास 'मालक-अभिकर्ता समस्या' म्हणतात. परीक्षार्थींनी ही संज्ञा केवळ कंपनीच्या भागधारकांच्या संदर्भात पाठ करू नये.

सल्ल्याची किंमत

वितरकाचा सल्ला 'मोफत' असतो असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात कमिशन योजनेच्या खर्चात मिळविलेले असते. दरमहा १०,००० रुपये याप्रमाणे २० वर्षे गुंतविले, तर २४ लाख रुपये भरले जातात. वार्षिक ११ टक्के दराने त्याचे सुमारे ८६.५ लाख रुपये होतात. एक टक्का खर्चात गेल्यास, म्हणजे १० टक्के दराने, सुमारे ७५.९ लाख. साडेदहा लाखांहून अधिक रकमेचा हा फरक कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो.

सेबीने या प्रश्नाला टप्प्याटप्प्याने हात घातला. ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांचे प्रवेश शुल्क बंद झाले. जानेवारी २०१३ पासून वितरकाविना गुंतवणुकीसाठी 'डायरेक्ट' योजना उपलब्ध झाल्या, आणि त्याच वर्षी गुंतवणूक सल्लागार विनियम लागू होऊन सल्लागाराला नोंदणी बंधनकारक ठरली. २०२० च्या दुरुस्तीने सल्ला देणे आणि उत्पादन विकणे ही कामे वेगळी केली. एकाच ग्राहकाकडून शुल्क आणि त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन असा दुहेरी लाभ घेता येणार नाही, असे ठरले. नोंदणी नसलेल्या वितरकाला स्वतःला 'वेल्थ ॲडव्हायजर' म्हणवून घेण्यासही मनाई झाली. नावावरचे हे बंधन किरकोळ वाटते, पण ते तसे नाही.

बेंगळुरूच्याच 'आय मॉनेटरी ॲडव्हायजरी' या कंपनीच्या नावात सल्ल्याचा शब्द होता. २००६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने व्याज निषिद्ध मानणाऱ्या मुस्लिम मध्यमवर्गीय कुटुंबांना नफ्यातील वाटा देण्याचे आश्वासन देऊन ठेवी गोळा केल्या. जून २०१९ मध्ये संस्थापक देश सोडून गेला आणि कंपनीच्या कार्यालयाबाहेर ठेवीदारांची रीघ लागली. तक्रारी हजारोंच्या संख्येने आल्या. पुढे जुलैमध्ये त्यास दिल्लीत अटक झाली व तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्यापूर्वी एकच वर्ष, मार्च २०१८ मध्ये, याच शहरात 'विक्रम इन्व्हेस्टमेंट' प्रकरण उघडकीस आले होते. त्यात नामवंत खेळाडूंचेही पैसे अडकल्याचे समोर आले. तेव्हा फसवणुकीला केवळ अशिक्षितच बळी पडतात, हा समज सोडून द्यावा. ओळखीच्या माणसाने आणलेली योजना तपासून पाहणे आपल्याकडे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. माझ्या मते खरी अडचण तेथे आहे.

अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा अध्यादेश केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये काढला होता आणि त्याचे कायद्यात रूपांतर त्याच वर्षी झाले. म्हणजे आयएमए कोसळली तेव्हा कायद्याची चौकट तयार होत होती. पैसे मात्र कितीतरी आधी गेले होते.

वसुलीचे नियम आणि वसुलीची रीत

क्रेडिट कार्डावर दरमहा ३ टक्के व्याज असेल, तर चक्रवाढीने वर्षाचा दर ४२ टक्क्यांच्या वर जातो. एक लाखाची थकबाकी वर्षभरात १ लाख ४२ हजारांच्या पुढे पोहोचते. जुन्या हिंदू विधीत 'दामदुपटी'चा नियम होता: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला होता. बँकांच्या आधुनिक कर्जव्यवहारात असा सरसकट अडसर नाही, म्हणून वसुलीच्या पद्धतीवरील नियंत्रण अधिक महत्त्वाचे ठरते.

रिझर्व्ह बँकेने कर्जदात्यांसाठी उचित व्यवहार संहितेची मार्गदर्शक तत्त्वे मे २००३ मध्ये दिली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रकच्या कर्जासंबंधीच्या एका प्रकरणात बँकांना बजावले, की वाहनाचा ताबा कायदेशीर मार्गानेच घ्यावा, गुंडांकरवी नव्हे. त्यानंतर एप्रिल २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेचे वसुली एजंटांविषयीचे सविस्तर परिपत्रक निघाले. एजंटाची माहिती कर्जदाराला आधी कळवावी, एजंटाजवळ अधिकारपत्र व ओळखपत्र असावे, त्याला प्रशिक्षण दिलेले असावे, आणि कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना ते प्रकरण सर्वसाधारणपणे एजंटाकडे सोपवू नये, असे त्यात म्हटले होते. त्यातील एक वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. एजंटाशी केलेला करारच त्याला असभ्य वा बेकायदा वर्तनाकडे ढकलणारा नसावा, अशी अपेक्षा त्यात होती. दोष केवळ दारात उभ्या असलेल्या तरुणाच्या स्वभावात नसून त्याच्या मेहनतान्याच्या रचनेत आहे, याची ती कबुली होती.

ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर थकबाकीसाठी दूरध्वनी करण्यास मनाई केली आणि कुटुंबीय वा मित्रांच्या खासगीपणात ढवळाढवळ करणेही निषिद्ध ठरविले. सूक्ष्म कर्जांसाठी त्याच वर्षीच्या मार्चमधील निर्देशांनी ही वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६ अशी ठेवली होती. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने वसुलीच्या दूरध्वनीसाठी सकाळी ८ ते रात्री ९ ही मर्यादा घातली आहे. गुरगावच्या कॉल सेंटरमधून अमेरिकन कर्जदारांना वसुलीचे दूरध्वनी जात, तेव्हा तेथील मुलामुलींना ही मर्यादा पाळावी लागे. स्वदेशातील कर्जदाराला घड्याळाचे असे नेमके संरक्षण बरेच उशिरा मिळाले.

मोबाइलमधील सावकार

कोविड काळात बेंगळुरूसह अनेक शहरांत कर्ज देणाऱ्या ॲपचा सुळसुळाट झाला. त्यांचे गणित असे चाले: १०,००० रुपये मंजूर, त्यातून ३,००० 'प्रक्रिया शुल्क' आधीच कापलेले, आणि सात दिवसांनी पूर्ण १०,००० परत. हाती आलेल्या ७,००० वर आठवड्याचे ३,००० म्हणजे सुमारे ४३ टक्के, तेही आठवड्याला. ॲप घेताना मोबाइलमधील संपर्कयादी व छायाचित्रे पाहण्याची परवानगी दिलेली असे. हप्ता चुकला की कार्यालयातील सहकाऱ्यांना, नातलगांना संदेश जात. बदल केलेली अश्लील छायाचित्रे पाठविण्याच्या धमक्या येत. जुन्या काळचा धनको निदान स्वतः दारात येऊन बसत असे.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात नोंदविले, की त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत आढळलेल्या सुमारे १,१०० कर्ज ॲपपैकी ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने (या संदर्भात हे नाव जरा विनोदीच वाटते) बेंगळुरूत छापे घातले. त्यांचा आधार शहराच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात दाखल झालेले १८ प्राथमिक माहिती अहवाल हा होता. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांची मार्गदर्शक तत्त्वे दिली. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा व्हावी, संपर्कयादीला हात लावू नये, आणि सर्व शुल्कांसह वार्षिक दर आधीच लेखी कळवावा, ही त्यांतील मुख्य सूत्रे होत. 'मुख्य तथ्य विवरणा'ची ही अट १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ व लघुउद्योग कर्जांना लागू झाली.

कर्नाटकचा कायदा आणि त्याची किंमत

जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकात, विशेषतः बेळगावसारख्या जिल्ह्यांत, सूक्ष्म कर्जाच्या वसुलीवरून संताप उसळला. राज्य सरकारचा पहिला अध्यादेश राज्यपालांनी परत पाठविला. सुधारित अध्यादेश १२ फेब्रुवारी २०२५ रोजी जारी झाला. जबरदस्तीच्या वसुलीस दहा वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड, तसेच परवाना वा नोंदणी नसलेल्या सावकाराने दुर्बल घटकांना दिलेले कर्ज व्याजासह फिटले असे मानणे, अशा तरतुदी त्यात होत्या.

अशा कायद्याचे स्वागत करताना ऑक्टोबर २०१० मधील आंध्र प्रदेशचा अनुभव विसरून चालणार नाही. तेथील अध्यादेशानंतर सूक्ष्म कर्जांची परतफेड कोसळली, संस्थांनी नवी कर्जे देणे थांबविले आणि गरजू कुटुंबांना पुन्हा खासगी सावकाराचे दार गाठावे लागले. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे पसरले, तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. त्यांनी कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला व रोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. परंतु त्यानंतर सावकारांनी हात आखडता घेतल्याच्या तक्रारीही झाल्याच. कर्जदाराचे रक्षण आणि कर्जाची उपलब्धता यांतील हा ताण दीडशे वर्षे जुना आहे.

आज तक्रारीचा मार्ग लांब नाही. अडथळा बहुधा पुराव्याचा असतो. प्रथम बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर २०२१ पासून बँका, वित्तसंस्था व डिजिटल व्यवहार यांच्या वेगवेगळ्या लोकपाल योजना एकत्र करण्यात आल्या. गुंतवणूक सल्लागाराविरुद्ध सेबीचे 'स्कोअर्स' संकेतस्थळ आहे. धमकीसाठी मात्र लोकपालाची वाट पाहू नये, पोलीस ठाणे गाठावे. आणि थकबाकी तडजोडीने मिटविताना एवढे ध्यानात असू द्यावे, की पत माहिती अहवालात 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' हे शब्द भिन्न आहेत. एजंट तोंडी सांगतो तो पहिला. पुढचे कर्ज मागताना बँक शोधते तो दुसरा.