खाचरातलं तण आणि पेशींचं गणित

पावसाळ्यात घोटीत कुणाच्याही ओट्यावर टेका, बोलणं आवणीवर, म्हणजे भाताच्या लावणीवर, येतंच. आमच्या गल्लीतली गणितात एम.एस्सी. करणारी मुलगी मात्र वेगळंच विचारायला आली. "काका, कॅन्सरच्या उत्क्रांतीचं गणित मांडणाऱ्या गटात पीएच.डी.ला जाऊ का?" मागून तिच्या आईनं विचारलं, "भाऊजी, ही डॉक्टरकी की मास्तरकी?" मला सांगता येईना. संपादकांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, शोधा आणि लिहा.

या गणिताचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९५४ साली ब्रिटनमध्ये आर्मिटेज आणि डॉल यांनी दाखवलं की अनेक कॅन्सरचं प्रमाण वयाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतं. वय दुप्पट, तर धोका चौसष्टपट. म्हणजे पेशी सहा-सात पायऱ्या चढून बिघडत असावी. १९७६ साली पीटर नोवेल यांनी गाठीकडे पेशींची वंशावळ म्हणून पाहिलं : बदल होतात, निवड होते, जोरकस वंश उरतो.

मी अडकलो तो २०२० साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या एका निबंधापाशी. काम पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतलं, लेखक बी. विभीषण आणि मिलिंद वाटवे. वाटवे हे मराठी वाचकांना 'आरण्यक' या पुस्तकामुळे माहीत. या दोघांनी तीन प्रतिमानं शेजारी शेजारी ठेवली. पहिल्यात पेशीतले बदल निव्वळ योगायोगाने साचत जातात. दुसऱ्यात बदललेली पेशी कुठल्याही शरीरात सरसच ठरते. तिसऱ्यात ती सरस ठरेल की नाही, हे ज्याच्या त्याच्या शरीरातल्या परिस्थितीवर ठरतं. मग कुठल्या वयात किती जणांना कॅन्सर होतो, मूळ पेशी जास्त असलेल्या अवयवात त्याचं प्रमाण किती वाढतं, हे तिन्ही प्रतिमानांकडून काढून खऱ्या आकड्यांशी ताडून पाहिलं. तिसरंच टिकलं.

हे मला खाचरात कळलं. तणाचं बी कुणाच्या खाचरात नसतं? पाणी धरलेलं असेल तर ते दबून राहतं. बांध फुटून पाणी निघून गेलं की भाताच्या डोक्यावर चढतं. बी कधी पडलं याला फारसा अर्थ नाही, पाणी कधी गेलं ते विचारायचं. आणि बी खरोखरच सगळीकडे आहे. २०१५ साली चार माणसांच्या पापण्यांची निरोगी कातडी तपासली, तेव्हा कॅन्सरकडे नेणारे बदल १८ ते ३२ टक्के पेशींमध्ये सापडले. कॅन्सर मात्र नव्हता! (तंबाखूवाल्यांनी यात सूट शोधू नये. तंबाखू बीही पेरते आणि बांधही फोडते.)

मुलीला हे सांगितलं तर ती हरखली. मग मी अडचणी काढल्या. नेट किंवा गेट परीक्षा काढायची. महिन्याला ३७,००० रुपयांपासून सुरू होणारी फेलोशिप मिळाली तरी पाचेक वर्षं त्यातच भागवायचं. कलनशास्त्र येतं, पण पेशी कधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली नाही. त्यात एकाच आलेखावर दोन-तीन समीकरणं सारखीच चपखल बसतात आणि खरं कुठलं ते कागदावर ठरत नाही. रुग्णाच्या गाठीचा तुकडा मिळतो एकदा, फार तर दोनदा. मधल्या वर्षांत आत काय घडलं ते अंदाजानेच भरायचं.

मला सगळ्यात जास्त धास्ती वयाच्या रकान्याची वाटते. हे सारं गणित वयावर उभं आहे. ग्रामीण भारतातली पहिली कॅन्सर नोंदवही १९८७ साली आपल्याच बार्शीत सुरू झाली. अशा नोंदवहीत गावोगावची माणसं येतात, आणि जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांचा जन्म मास्तरांनी शाळेत नाव घालताना १ जूनला उरकलेला असतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांची तर तीही सोय नाही. साठ, पासष्ट, सत्तर असे गोल आकडे पडतात आणि सहाव्या घातात पाच वर्षांची चूक भलतीच फुगते.

मुलगी हसली, म्हणाली, आजीच्या आधार कार्डावरही १ जूनच आहे. आजी चुलीपाशी नाचणी निवडत होत्या. नेमकं वय विचारलं तर त्यांनी सूप खाली ठेवून बोटं मोजली. "झेंडा लागला ना, त्याच्या आधी दोन आवण्या. का तीन असतील."