मीठ काठावर मुरतं

सॉल्टवॉटर पूलमध्ये क्लोरीन नसतं, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तिथे ते जागेवरच तयार होतं. खारं पाणी एका यंत्रातून जातं, आतल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून वीज वाहते आणि मिठापासून क्लोरीन बनतं. त्यासाठी लिटरमागे 3 ते 4 ग्रॅम मीठ पुरतं. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे 35 ग्रॅम असतं. एवढ्याशा मिठाने काय बिघडणार, असं वाटणं साहजिक आहे. तलावाच्या आत फारसं बिघडतही नाही. बिघडतं ते काठावर.

पोहणाऱ्यांच्या अंगावरून निथळलेलं पाणी फरशीवर वाळतं, मीठ मात्र तिथेच राहतं आणि रोज साचत जातं. सच्छिद्र दगड ते पाणी शोषून घेतो. वाळताना पृष्ठभागाच्या किंचित खाली मिठाचे स्फटिक वाढतात आणि त्यांच्या दाबाने दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या भिंतींना लोणा लागतो, तो असाच. वरची पांढरी भुकटी पुसली जाते, आतली पडझड चालूच राहते.

कोकण-गोव्यात हे अधिक जपायला हवं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओल धरून विरघळतं, खाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. किनाऱ्यावर रात्र आणि दुपार यांच्यात एवढा फरक सहज पडतो. त्यात जांभा मुळातच सच्छिद्र. शहाबादी आणि कोटा फरशी चुनखडीची. यंत्रामुळे वाढलेला पाण्याचा सामू उतरवायला जे आम्ल घालतात, ते सांडलं की तिला खातं.

स्टेनलेस स्टीलही सुरक्षित नाही. त्याला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर क्लोराइड भेदतं आणि बारीक, खोल खड्डे पडतात. ताणाखालच्या स्टीलला तर तडे जातात. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे 1985 मध्ये बंदिस्त जलतरण तलावाचं काँक्रीटचं छत कोसळून 12 जण दगावले. तो तलाव साध्या क्लोरीनचा होता, पण छत पेलणाऱ्या स्टीलच्या सळ्यांवर क्लोराइड साचत गेलं होतं. पाण्यापासून दूर असलेल्या त्या सळ्या कधी धुतल्याच जात नव्हत्या.

म्हणून काठ आणि कठडे रोज गोड्या पाण्याने धुवा, शिडीसाठी मॉलिब्डेनम असलेलं 316 प्रतीचं स्टील मागा, काठाला ग्रॅनाइट लावा. आणि तलावावर छत असेल, तर ते ज्या सळ्यांवर टांगलं आहे त्या जाणकाराकडून नियमित तपासून घ्या.