गिटारचा आवाज मध्येच जातो? चला, दोष शोधूया!



इलेक्ट्रिक गिटार शिकणारं मूल सांगतं, "आवाज मध्येच जातो." आपण बघायला जावं तर आवाज अगदी नीट! मग आपण म्हणतो, "सराव टाळायचे बहाणे आहेत," नाहीतर पिकअप बिघडला समजून नवा घ्यायला निघतो. दोन्हीची घाई नको. कधी येतो, कधी जातो असा दोष बहुतेक वेळा पिकअपमध्ये नसतो, तर सैल पडलेल्या एखाद्या जोडात असतो.

आधी पिकअपचं काम समजून घेऊ. त्यात चुंबक असतं आणि भोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत क्षीण विद्युत संकेत तयार होतो. फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पिकअपमध्ये हलणारा भाग नसल्याने तो सहसा झिजत नाही. झिजतात ते पुढचे भाग: पिकअप निवडायचा स्विच, नॉब, जॅक आणि केबल.

म्हणून तपासणी बाहेरून आत करायची. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

१) केबल : दुसरी चांगली केबल लावा. आवाज जाणं थांबलं, तर दोष सापडला!

२) जॅक : केबलची पिन हळूच हलवा. खरखर आली तर जॅक सैल आहे. नुसता नट पिळू नका. आतून जॅक धरून ठेवा, नाहीतर तोही फिरतो आणि वायर तुटते.

३) स्विच आणि नॉब : प्रत्येक दहा-पंधरा वेळा मागेपुढे करा. आवाज सुधारला तर आत धूळ किंवा गंज आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो वापरा. घरातलं तेल नको.

४) पिकअप : ॲम्पचा आवाज कमी ठेवा. स्विचने एक पिकअप निवडून त्यावर स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक हलकेच टेकवा. 'टक्' ऐकू आलं तर तो पिकअप जिवंत आहे.

५) मल्टिमीटर : केबल ॲम्पमधून काढा, गिटारला राहू द्या. नॉब पूर्ण उघडून पिनचं टोक आणि दांडा यांमधला रोध मोजा. साध्या, बॅटरी नसलेल्या गिटारमध्ये तो बहुधा ५ ते १५ किलोओहम येतो. वायर हलवताना आकडा उड्या मारत असेल तर जोड सुटलाय. आकडा २५० किंवा ५०० किलोओहमच्या आसपास गेला, तर पिकअपकडची वाट तुटली आहे. आपण फक्त व्हॉल्यूमच्या नॉबचा रोध मोजतोय.

गिटारमध्ये बॅटरी असेल तर सगळ्यात आधी ती बदलून बघा.

एक इशारा: ॲम्प मात्र उघडू नका. बंद केल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. सोल्डरिंगही मोठ्यांनीच करावं.

बाकी तपासणी मुलाला करू द्या. प्रत्येक पायरीला काय बदललं आणि काय झालं, हे वहीत लिहायला सांगा. पैसे तर वाचतीलच, शिवाय "मी खरंच सांगत होतो," हे त्याला पुराव्यानिशी दाखवता येईल. विज्ञानाचा प्रयोग याहून वेगळा तो काय असतो?